उसनी चाल, उसनी भाषा

'बँड' हा शब्द आमच्या शिवऱ्यात लग्नसराईतच ऐकू येतो. लाल कोट, पितळी कर्णे, खांद्याला अडकवलेला ढोल आणि वरातीपुढे वाजणारे सिनेमाचे गाणे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून १९९१ साली पुण्याच्या वसतिगृहातून सुट्टीला घरी आलो आणि 'मुंबईला एक बँड आहे, तो स्वतःची गाणी स्वतः लिहितो, चालीही स्वतः लावतो' असे नानांना सांगितले, तेव्हा त्यांनी साधाच प्रश्न केला, "मग वरातीत लोक नाचत्यात कशावर?" नाना माझे चुलते. वस्तीतल्या गायन पार्टीत ते पेटी वाजवीत. सातारा रस्त्यावरच्या साऱ्या गावांतून, वरव्यापासून कापूरहोळापर्यंत, चौदा एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत त्यांना उसंत नसे. गाणी भीमाची, बुद्धाची, नामांतराची. चाली मात्र बहुतेक हिंदी सिनेमाच्या.

मी ज्या बँडविषयी सांगत होतो त्याचे नाव 'रॉक मशीन'. पुढे त्याचेच 'इंडस क्रीड' झाले. दलित साहित्याची व समाजचिंतनाची चर्चा करणाऱ्या पानांवर मुंबईच्या इंग्रजी रॉक बँडचे काय काम, असे वाचक विचारतील. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर म्हणूनच हा लेख लिहितो आहे. या बँडची वाटचाल नीट तपासली की तिच्यात आपलेच एक जुने दुखणे उलट्या बाजूने दिसू लागते, असे माझे मत झाले आहे. त्यांनी चाल स्वतःची केली, पण भाषा उसनी ठेवली. आपण शब्द स्वतःचा केला, पण चाल उसनी घेतली. दोन्ही गोष्टी एकाच मुंबईत, एकाच दशकात घडत होत्या आणि एकीला दुसरीची गंधवार्ता नव्हती.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मुलाकडे 'द सेकंड कमिंग' ही कॅसेट होती. तो मुलगा कँपातला, चांगल्या घरचा, मनानेही चांगला. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही सात-आठ जणांनी भीमगीतांचा कार्यक्रम मागितला होता. फक्त पंधरा मिनिटे. 'जातीय कार्यक्रम नको' असे सांगून तो नाकारण्यात आला. त्याच रंगमंचावर इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या मुलांना पाऊण तास मिळाला. कॉलेजचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही; त्या काळात कोणत्याही कॉलेजात वेगळे घडले नसते. त्या रात्री शेजाऱ्याने बहुधा समजूत घालण्यासाठीच ती कॅसेट मला ऐकायला दिली. मी रागाने ऐकायला बसलो. कॅसेट संपली तेव्हा राग शिल्लक होता, पण कुतूहलही जागे झाले होते. समीक्षकाने आपला पूर्वग्रह आधीच सांगून टाकावा म्हणून हे लिहिले.

आता बँडविषयी. 'रॉक मशीन' १९८४ साली मुंबईत उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आले. त्यापूर्वीही मुंबईत रॉक होते. सिगारेट कंपनीने भरवलेल्या सिमला बीट स्पर्धा १९७० आणि १९७१ मध्ये गाजल्या होत्या. पण त्या परंपरेत श्रोत्यांची मागणी ठरलेली असे. विलायती बँडची गाणी जशीच्या तशी वाजवा. जो हुबेहूब वाजवील तो मोठा. सुरुवातीला 'रॉक मशीन'ही तेच करीत असे. नंतर या मुलांनी ठरवले की आपली गाणी आपणच लिहायची. धोबी तलावाच्या रंगभवनात, कॉलेजांच्या महोत्सवांत, १९८६ पासून भरू लागलेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'च्या मेळाव्यात ते आपली गाणी घेऊन उभे राहिले. ओळखीचे गाणे ऐकायला आलेल्या गर्दीपुढे अनोळखी गाणे म्हणणे किती कठीण असते, हे गायन पार्टीतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. या एका निर्णयासाठी मी त्यांना मानतो.

त्यातून १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनिगेड' ही पहिली ध्वनिफीत आली. वादनाची सफाई आजही वाखाणण्याजोगी आहे. ड्रमचा ठोका नेमका, दोन गिटारींचे बोलणे एकमेकांत गुंतलेले, वर कीबोर्डचा चकचकीत थर. त्या काळच्या अमेरिकी हार्ड रॉकचा साचा यांनी पुरता आत्मसात केला होता. पण मला अडवते ते शीर्षक. 'रेनिगेड' म्हणजे आपला कळप, आपली बाजू सोडून गेलेला. बंडखोर म्हणा, फितूर म्हणा. ही मुले कोणाची बाजू सोडून गेली? कोणत्या घराने त्यांना बाहेर काढले? ध्वनिफीत कितीही वेळा ऐकली तरी उत्तर मिळत नाही. बंड आहे, पण ज्याच्याविरुद्ध करायचे तो समोर नाही. गिटार रागावते, मात्र कोणावर ते सांगत नाही. १९८८ ची मुंबई म्हणजे गिरण्यांच्या संपात मोडून पडलेल्या लालबाग-परळची मुंबई. त्याच वर्षाच्या आरंभी 'रिडल्स इन हिंदुइझम'च्या वादात लाखोंचा मोर्चा याच शहरात निघाला. त्याची एखादी धूसर सावली तरी या गाण्यांवर पडावी, असे मी म्हणत नाही. प्रत्येक गाण्याने मोर्चात जावे, अशी सक्ती मला मान्य नाही. परंतु जो स्वतःला बंडखोर म्हणवतो त्याला 'कशाविरुद्ध?' एवढे विचारण्याचा श्रोत्याला हक्क आहे.

१९९० चे 'द सेकंड कमिंग' हे त्या मानाने पक्व काम. 'प्रिटी चाइल्ड' हे त्यातले सर्वांत गाजलेले गाणे. मीही त्याला बळी पडलो, हे कबूल करतो. उदय बेनेगल यांचा आवाज येथे ओरडणे सोडतो, शब्दाला जागा देतो, आणि प्रथमच वाटते की हा माणूस कोणाशी तरी बोलतो आहे. इंग्रजी मला तेव्हा अर्धीमुर्धीच कळे, तरी ते गाणे माझ्यापर्यंत पोचले. चालीचे सामर्थ्य असते ते असे. पुढे उपग्रह वाहिन्या आल्या, एमटीव्ही आला, बँडच्या चित्रफिती घराघरांत दिसू लागल्या. अर्थात ज्यांच्या घरावर छत्री होती त्यांच्याच. १९९३ मध्ये एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्याच साली त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केले.

हे नामांतर अर्थपूर्ण आहे. (नामांतर या शब्दाला आपल्याकडे काय किंमत मोजावी लागली ते येथे सांगायला नको, बँडला ते एका बैठकीत करता आले.) यंत्र गेले, सिंधू आली. संगीताला भारतीय वळण देण्याची ओढ त्यामागे होती. १९९५ च्या 'इंडस क्रीड' या ध्वनिफितीत ती जाणवते. बँड १९९७ मध्ये विस्कटल्यानंतर बेनेगल आणि गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये चालवलेल्या 'आम्स फॉर शांती' या संचात ती अधिक स्पष्ट झाली. येथे मला एक मूलभूत प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्याकडचा शहरी कलावंत 'भारतीय' व्हायचे ठरवतो तेव्हा त्याची पावले कोणीकडे वळतात? रागदारीकडे, तबल्याकडे, योग आणि अध्यात्माकडे. रंगभवनापासून तासाभराच्या अंतरावर, घाटकोपरच्या नाहीतर मुलुंडच्या झोपडपट्टीत, ढोलकी, डफ आणि तुणतुणे यांवर एक अख्खे संगीत जिवंत होते. ते त्यांच्या कानांवरच आले नाही. कोणी मुद्दाम टाळले असे नाही. टाळण्यासाठीसुद्धा आधी ते आहे हे ठाऊक असावे लागते.

मुळात रॉक हे संगीत कोणाचे? मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून, गुलामांच्या नातवंडांच्या गळ्यातून ब्लूज निघाले आणि ब्लूजच्या पोटी रॉक अँड रोल जन्मले. बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने 'हाउंड डॉग' १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले. १९५६ मध्ये तेच एल्विस प्रेस्लीने गायले आणि जगाला ते एल्विसचे म्हणून माहीत झाले. गोऱ्यांच्या हातून धुऊनपुसून ते लंडनला गेले, तेथून तबकड्यांवर बसून मुंबईच्या दक्षिण टोकाला उतरले. म्हणजे अमेरिकेतल्या अस्पृश्यांचे गाणे आपल्याकडे आले ते थेट सुखवस्तू दिवाणखान्यात. घाम वाटेत वाळून गेला होता.

यात दोष एकट्या त्यांचा नाही. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' उभी केली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्यांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठीत आणून दाखवले. आपण त्यांची कविता वाचली, कथा वाचली, जाहीरनामे वाचले. गाणे मात्र घेतले नाही. आपण त्यांचा शब्द उचलला, दक्षिण मुंबईने त्यांचा सूर उचलला, आणि एका देहाचे हे दोन तुकडे एकाच शहरात वीस वर्षे एकमेकांना न भेटता राहिले. ब्लॅक पँथर पक्षाचा स्वतःचा बँड होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? 'द लंपेन' हे त्याचे नाव. १९७० मध्ये पक्षाच्या सामान्य कार्यकर्त्यांनी तो उभा केला. दिवसभर पक्षाचे काम करायचे आणि रात्री मंचावर गायचे. मलाही हे फार उशिरा, पन्नाशी जवळ आल्यावर कळले. कळल्यावर पहिली आठवण झाली ती नानांची, कारण हे लंपेनवालेसुद्धा लोकांच्या तोंडी असलेल्या चाली घेऊन त्यांवर आपले शब्द बसवीत.

नानांशी माझे भांडण याच मुद्द्यावर होते. 'सेकंड कमिंग' ऐकून आलेला मी त्यांना तावातावाने म्हणालो होतो की ती शहरी पोरे जर स्वतःच्या चाली करतात तर आपण भीमाचे गाणे सिनेमाच्या प्रेमगीतावर का म्हणायचे? नायिकेच्या पदराची चाल आणि त्यावर घटनेचे शब्द! नाना पेटीचा भाता बंद करून म्हणाले, "लेका, चाल मानसाला आधीच ठावं आसली का शबूद सरळ काळजात जातुया. नवी चाल शिकवत बसलो तर पहाट व्हईल, आन् सकाळी त्यास्नी कामावं जायाचं आस्तं." मला तेव्हा हे लंगडे समर्थन वाटले. आज तसे वाटत नाही. ज्याच्याकडे ध्वनिमुद्रणाची खोली नाही, रेडिओ नाही, वर्तमानपत्रात गाण्याचे परीक्षण नाही, त्याने दुसऱ्याच्या वाहनातून आपला माल पोचवला तर त्याला चोर म्हणता येत नाही. सिनेमाने लोकांच्या चाली काही कमी उचलल्या नाहीत. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून हजारो गाणी पेरली ती कोणत्या कंपनीच्या जोरावर? 'इंडिपेंडंट' हा शब्द रॉकवाले मोठ्या अभिमानाने मिरवतात, कंपनीच्या दावणीला न बांधलेला या अर्थी. या अर्थाने महाराष्ट्रातले सर्वांत मोठे स्वतंत्र संगीत म्हणजे आपले जलसे आणि गायन पार्ट्या होत. भीमराव कर्डकांच्या जलशापासून ते चालत आलेले आहे. त्याला कोणी हे नाव दिले नाही एवढेच.

तरीही माझी मूळ तक्रार मी पुरती मागे घेत नाही. उसनी चाल शब्द पोचवते, पण हळूहळू त्याला आपल्या मापात कापतेही. प्रेमगीताच्या चालीत राग मावत नाही, मावतो तो गोडवा. जोपर्यंत शब्द वामनदादांच्या ताकदीचा होता तोपर्यंत तो चालीवर स्वार झाला. शब्द दुबळा झाला की चाल त्याच्यावर बसली. प्रल्हाद शिंद्यांच्या एकाच गळ्यातून विठ्ठलाचीही गाणी आली आणि भीमाचीही, आणि बाजाराने कोणती जास्त उचलून धरली ते सर्वांना ठाऊक आहे. एवढा मोठा आवाज, पण त्याच्यासाठी स्वतःचा बाज घडवील असे ध्वनिमुद्रणाचे घर आपण उभे केले नाही. विलास घोगरे यांचे काय? रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबार झाला, दहा माणसे मेली आणि काही दिवसांत या शाहिराने स्वतःला संपवले. त्यांचा आवाज आज ऐकायचा तर आनंद पटवर्धनांच्या चित्रपटांत ऐकावा लागतो. १९९७ हेच 'इंडस क्रीड' विस्कटल्याचे वर्ष. त्यांच्या तीन ध्वनिफिती तोवर निघालेल्या होत्या, आजही त्या शोधल्या की मिळतात. शाहिराचे गाणे चित्रपटवाल्याने वाचवले म्हणून वाचले.

'इंडस क्रीड' २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आले. बासवर रुशाद मिस्त्री, ड्रमवर जय रो कवी हे तरुण वादक आले. अठ्ठावीस वर्षांत चार ध्वनिफिती; संख्या लहान, पण एकही आळसाने केलेली नाही. 'इव्हॉल्व्ह'मध्ये पहिल्या ध्वनिफितीची ऐट गेली आहे. गाणी लांबतात, थांबतात, स्वतःकडे वळून पाहतात. माझ्या मते हेच त्यांचे सर्वांत प्रामाणिक काम. येथे कोणी बंडखोरीचा आव आणत नाही. पन्नाशीकडे झुकलेली माणसे आपल्याला येते ते वाजवतात. पण भाषा तीच राहिली, आणि भाषेबरोबर श्रोताही तोच. मी शिवऱ्यात घरी हे ऐकत असताना बायको म्हणाली, "वाजवत्यात ब्येस, पण ही कुनाला सांगत्यात?" एवढ्या कमी शब्दांत मला परीक्षण लिहिता आले नसते.

ते कोणाला सांगायचे याचा निकाल लागला तो चेन्नईत. जानेवारी २०१८ मध्ये पा. रंजित यांच्या नीलम संस्थेने आणि संगीतकार तेन्मा यांनी 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा एकोणीस जणांचा संच मंचावर आणला. अयोथी दास पंडितांनी सांगितलेल्या 'जातिविहीन तमिळां'च्या कल्पनेवरून त्याचे नाव घेतले. गाना हे उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले, मयताला म्हटले जाणारे गाणे. ते म्हणणारी मुले आणि इसैवाणी ही एकटी मुलगी, शेजारी गिटार, ड्रम आणि रॅप. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा तमिळचा एक शब्द कळत नव्हता, पण पराईचा ठोका ऐकताच आमच्या हलगीची आठवण होऊन अंगावर काटा आला. ज्या वाद्याला मयताचे म्हणून बाटवले गेले तेच येथे ड्रमच्या पुढे उभे आहे. राखीव जागा, गोमांस, बाबासाहेब, सारे विषय आपले. शब्द आपला, चाल आपली, ठोका आपला, आणि वीज वापरायला लाज नाही. रॉकमध्ये मूळचा जो घाम होता तो येथे परत आलेला ऐकू येतो. त्यातही उणिवा आहेत. काही गाण्यांत घोषणा चालीच्या पुढे धावते, काही ठिकाणी ध्वनिमुद्रणात सारेच आवाज सारख्या उंचीवर येऊन गर्दी होते. पण ही वाढत्या वयाची उणीव आहे.

मग मराठीत काय? २००२ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाने शब्द आणि चाल दोन्ही स्वतःची केली, शीतल साठे यांच्या आवाजाने सभा थरारून सोडल्या. त्या मंचातल्या कलावंतांना पुढे तुरुंग पाहावे लागले. मुंबईत कबीर शाक्य यांचा 'धम्मा विंग्ज' गिटार-ड्रम घेऊन बुद्ध-भीमाची गाणी गातो. तरुण पोरांना तो आवडतो आणि मला त्याचा आनंद आहे. तक्रार एवढीच की गिटार तेथे पाश्चात्य रॉकच्या चौकटीत वाजते आणि भीमगीत त्या चौकटीत येऊन बसते. चौकट मोडत नाही. ढोलकीचा लचका, संबळीची खरखर, कोरसातला तो बायकांचा उंच सूर गिटारला शिकवायचा अजून बाकी आहे. हे शिकवणे सोपे नाही, कारण तो सूर लिहिलेला नाही. तो नानांसारख्यांच्या बोटांत होता.

नाना आता नाहीत. त्यांच्या पार्टीच्या चार कॅसेटी माझ्याकडे आहेत, चौदा एप्रिलच्या रात्री वस्तीत टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेल्या. मागून कुत्री भुंकतात, महामार्गावरचे ट्रक जातात, मध्येच कोणीतरी "माइक जवळ घे" म्हणते. तीन कॅसेटी सिनेमाच्या चालींच्या. चौथीत दोन गाणी अशी आहेत की त्यांची चाल मला कोणत्याच चित्रपटात सापडली नाही. ती नानांची स्वतःची असावी. त्यांनी मला हे कधी सांगितले नाही, भांडणातसुद्धा नाही. गेल्या वर्षी पुतण्या आणि त्याचे दोन मित्र, तिघेही कारखान्यात पाळीवर जाणारे, समाजमंदिराच्या ओट्यावर गिटार आणि कॅहोन घेऊन बसू लागले. डीजेच्या भिंती लावण्यापेक्षा काहीतरी वेगळे करू म्हणतात. मी त्यांना ती चौथी कॅसेट दिली. फीत एके ठिकाणी चिकटली आहे आणि कॅसेट वाजवणारे यंत्र तालुक्याच्या ठिकाणीही दुरुस्त होत नाही. पुतण्याने ती पुण्याला नेली आहे. दुसरे गाणे अर्धेच मिळाले, असे त्याने परवा फोनवर सांगितले. उरलेला अंतरा तुम्हाला पाठ आहे का काका, असे विचारत होता.